स्पेशल रूम नंबर दोन

इंदिरानगरात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा मला वाटलं होतं, घर आपण आपल्यासाठी घेतोय. तसं काही नव्हतं. निफाडकडच्या समस्त भावकीची ती नाशिकमधली सोय झाली होती. कुणाची दाढ, कुणाचा मोतीबिंदू, कुणाची कोर्टातली तारीख, सगळे आधी आमच्याकडे उतरायचे, चहा घ्यायचे आणि मग "शुभांगी, जरा संगं चल, तुला बोलता येतं," म्हणून मला घेऊन निघायचे. मला बोलता येतं म्हणजे भांडता येतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा थोडा अभिमान होता.

कुंभमेळ्याच्या वर्षी, दोन हजार तीनला, साधूंची गर्दी ओसरून शहर जरा मोकळं झालं आणि कोंडाजीनाना पडले. नाना म्हणजे माझ्या नवऱ्याचे, अमितचे, चुलते. निफाडजवळ त्यांची द्राक्षबाग आहे. छाटणीच्या धावपळीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उतरताना त्यांचा पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. नाशिकच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला. सोबतीला त्यांची बायको चिमणाबाई. त्यांना मी काकू म्हणते. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, आणि एकदा मनात घेतलं की बैलजोडी लावली तरी हलणार नाहीत अशा.

त्या वर्षी काकूंनी एकच गोष्ट मनात घेतली होती. त्यांची लेक तृप्ती सिन्नरला दिलेली आणि तिला दिवस भरत आलेले. काकूंना ती लग्नानंतर फार उशिरा, देवाला नवस बोलून बोलून झालेली. एकुलती एक. "तिचं पोर पयलं माझ्या मांडीवर," एवढंच काकूंचं मागणं होतं. तृप्तीच्या सासूबाई सुलाबाई काही वाईट नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं की विहीणबाईंचा माणूस दवाखान्यात पडलेला, त्यांचा जीव थाऱ्यावर नाही, तर बाळंतपण सिन्नरलाच उरकू. मलाही ते पटत होतं. काकूंना नाही.

"पयलं बाळातपण म्हायेरचं," त्या म्हणाल्या. "ह्याच दवाखान्यात नाव घालते. खाली नवरा, वर लेक. मला काय, जिना तर चढायचा हाय."

सुलाबाईंनी मान तुकवली. काकूंनी आयुष्यात जिंकलेलं ते बहुधा पहिलंच भांडण असेल.

इकडे नानांची जखम सुकायचं नाव घेईना. पट्टी ओली व्हायची, ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. इंजेक्शनं बदलून झाली. त्यात जनरल वॉर्डात त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद. सांगून सांगून आमचं तोंड दुखलं. एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर माणूस ऑक्टोबरच्या उकाड्यात थबथबलेला, आणि काकू पदराने वारा घालतायत. माझं डोकं फिरलं. मी सरळ मोठ्या सिस्टरांच्या टेबलापाशी गेले आणि जे काही बोलले ते अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. शेजारच्या कॉटवरचा एक म्हातारा तर उठून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांना हलवलं.

वॉर्डाच्या टोकाला, पॅसेजमध्ये, एक खोली होती. दारावर पिवळ्या रंगाने लिहिलेलं, 'स्पेशल रूम नं. २'. आत नानांची कॉट, सोबतच्या माणसाला वेगळी कॉट, स्वतःचं बाथरूम, खिडकी, आणि गरगर फिरणारा पंखा. मी घाबरून विचारलं, "ह्याचं भाडं?" सिस्टर म्हणाली, "काही नाही, जनरलमध्येच धरलंय."

आता सांगा, कुणाला काय वाटेल? जे वाटायचं तेच वाटलं. गावाकडे बातमी गेली की शुभांगीने दवाखाना हलवला आणि नानांना फुकटात स्पेशल रूम मिळवून दिली. मग काय विचारता. जो तो नानांना भेटायला यायचा आणि नानांपेक्षा खोलीच जास्त बघायचा. बाथरूमचा नळ सोडून बघायचे, सोबतीच्या कॉटवर टेकून बघायचे. "वट हाय बाई तुझा," असं म्हणायचे. मी "छे हो, त्यात काय," म्हणत होते आणि आतून फुलत होते.

खरं कारण फक्त एका माणसाला सांगितलं गेलं होतं आणि तो माणूस म्हणजे आमचे हे. अमित अंबडच्या कारखान्यात शिफ्टला. रात्रपाळी करून सकाळी दवाखान्यात टेकले होते, तेव्हा हाडांचे डॉक्टर राउंडवर आले आणि जाता जाता त्यांना सांगून गेले. घरी येऊन हे मला म्हणाले, "जखमेत जंतू आहेत. नेहमीची औषधं त्यांना लागू पडत नाहीत असं काहीतरी आहे. म्हणून नानांना बाजूला ठेवलंय."

"बाजूला म्हणजे?"

"म्हणजे शांत, आराम पडावा म्हणून असेल," असं म्हणून हे झोपले.

मला ते अर्धवट वाटलं, म्हणून मी स्वतः जाऊन विचारलं. एक सिस्टर म्हणाली, "खोलीत जाताना-येताना हात धुवा." बेसिनवर साबण नव्हता. दुसरी म्हणाली, "गर्दी करू नका." पण बाहेरचा वॉचमन पॅसेज अडतो म्हणून भेटायला आलेल्या सगळ्यांना हाकलून आतच बसवायचा. पट्टी बदलणारा माणूस वॉर्डातल्या पट्ट्या करत करत तीच ढकलगाडी घेऊन यायचा, हातमोजे घालून, आणि नानांची पट्टी झाली की तेच हातमोजे घालून पुढे जायचा. डॉक्टर एक दिवस म्हणाले, खोलीतून बाहेर जायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचेच हाताखालचे डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन पॅसेजमध्ये चालवा, नाहीतर पाय धरेल. मी बी.कॉम. झालेली बाई, पण मला ह्यातलं काही एका ओळीत बसवता येईना. जर ते एवढं गंभीर असतं तर सगळेच गंभीरपणे वागले असते, असं मी धरून चालले.

नानांना मात्र सगळं कळलं होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. जंतू औषधाला दाद देत नाहीत म्हटल्यावर ते उशीवरून अर्धे उठले.

"म्हंजी आपल्या डावणीवानी," ते म्हणाले. डावणी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर येणारा रोग. "तीच ती पावडर मारत राहिलं का डावणी निर्ढावती. मंग औषध बदलावं लागतं, नायतर दोन-दोन मिसळून मारावी लागत्यात."

हाडांच्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि ते खूश झाले. "बरोबर ओळखलंत. तेच करतोय आम्ही." एवढं बोलून ते गेले आणि नानांची खात्री पटली. डावणी पसरते वाऱ्याने आणि दवाने. म्हणून नानांनी काकूंना खिडकी घट्ट लावून घ्यायला सांगितली, बाथरूमसमोरची फरशी कोरडी ठेवायला सांगितली आणि भेटायला येणाऱ्यांना ऐकवायला लागले, "वारा नाय, दव नाय, हितं रोग पसरायचा कसा?" आम्हा सगळ्यांना ते पटलं. बागायतदार माणूस, रोगांशी जन्मभर झुंजलेला. त्यांच्यापुढे डॉक्टर तरी काय वेगळं सांगणार होते? डावणीची पानं एकमेकांच्या पाठीवर हात फिरवत नाहीत, कपाळ चेपत नाहीत, एका तांब्यातून पाणी पाजत नाहीत, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळी झाली आणि तृप्तीच्या कळा तारखेच्या आधीच सुरू झाल्या. मुलगा झाला. लहानखुरा, पण रडणं दणदणीत. काकू वर धावल्या, त्याला मांडीवर घेतलं, आणि मी त्यांना पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं. त्यांच्या पुढच्या दातांमध्ये फट आहे हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

वरच्या बाळंतिणींच्या वॉर्डात मात्र काहीच्या काही गर्दी होती. एकेका कॉटवर दोन-दोन बाळंतिणी, पायाशी त्यांची पोरं. तृप्तीला टाके पडलेले, कूस बदलायची सोय नाही, शेजारणीची कोपरं लागायची. ती रडायला लागली. काकू खाली नानांची बेडपॅन सारायच्या आणि वर जाऊन बाळाला तेल लावायच्या, पुन्हा खाली, पुन्हा वर, आणि जिन्यात बसून धापा टाकायच्या. एवढी स्पेशल रूम, तिच्यात एक कॉट दिवसभर रिकामी. कुणालाही सुचलं असतं तेच काकूंना सुचलं.

"दिसभर खाली निजल," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यापुढं दोघं बी."

मी म्हटलं, "आणा ना, खोली आपलीच आहे."

तृप्तीला धरून धरून खाली आणलं. ती त्या सोबतीच्या कॉटवर जी झोपली ती दुपार टळेपर्यंत. नानांनी नातू छातीवर घेतला. तापाने कोमट झालेल्या त्या छातीवर ते पोर बेडकासारखं पसरून गाढ झोपलं. एक सिस्टर औषध द्यायला आली, तिने बाळाच्या गालाला बोट लावलं आणि विचारलं, "नातू का?" मग तीही हसत निघून गेली. पुढचे काही दिवस हाच शिरस्ता पडला. त्या खोलीत तेव्हा आम्ही फार सुखात होतो. ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

मग बाळाने प्यायचं सोडलं. बेंबीच्या कडेने पिवळट फोड आले, अंग तापलं, आणि तो दणदणीत आवाज मांजराच्या पिलासारखा झाला. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी बाळ कुठे कुठे होतं ते विचारलं. काकूंनी साधेपणाने सांगितलं, "वर ऱ्हायचं, आन् दिसा खाली, स्पेशल रूममधी."

"कुठली स्पेशल रूम?"

"दोन नंबर. ह्यांची."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "नवजात बाळ त्या खोलीत कोणी नेलं? ती खोली म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांना नेहमी वाटतं तसंच त्यांना वाटलं असणार, शुभांगीला बोलता येतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "दारावर स्पेशल लिहिलंय."

तेव्हा कुठे कुणीतरी आम्हाला बसवून सांगितलं. दवाखान्यात वेगळं ठेवायला खोलीच नव्हती, म्हणून त्यांनी रिकामी पडलेली स्पेशल रूम त्या कामाला घेतली होती. दारावरची पाटी तशीच राहिली. नानांच्या जखमेतला जंतू दवाखान्यातच राहणारा, बरीच औषधं पचवून बसलेला. तो वाऱ्याने फारसा जात नाही, हातांनी जातो. ज्याला लागतो त्याला दर वेळी काही होतंच असंही नाही. पण जखम असली, किंवा नुकती नाळ पडलेलं बाळ असलं, की होतं.

"मग नानांच्या खोलीबाहेर हे का नाही लिहिलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"सांगितलं होतं तुमच्या घरच्यांना," त्या म्हणाल्या. ते खोटंही नव्हतं.

काकूंच्या नाकातून कापसाची काडी फिरवून तपासायला घेतली. माझ्याही. तृप्तीच्याही. माझं आणि तृप्तीचं काही निघालं नाही. काकूंच्या नाकात तो निघाला.

ते कळल्यावरचा काकूंचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्यांना धड काही झालेलं नव्हतं. ताप नाही, फोड नाही, शिंकही नाही. त्या हाताचे तळवे उलटेपालटे करून बघत राहिल्या.

"मला काय झालंय?"

"तुम्हाला काही झालेलं नाही, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंग हाय कसा माझ्यात?"

"असतो कधीकधी. नुसता राहतो."

"म्या आजारी नाय, पन माझ्यामुळं दुसरं आजारी पडतं?"

"पडू शकतं."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "आणि तुमच्या पट्टीवाल्याच्या नाकात नसेल कशावरून? त्या सिस्टरच्या? बाळाच्या गालाला तिनेही बोट लावलं होतं. वर आणखी दोन पोरांना असेच फोड आलेत, ती कुठे आमच्या खोलीत आली होती?"

"असू शकेल," त्या म्हणाल्या. चिडल्या नाहीत, त्यामुळे मला आणखीच चीड आली. "सगळ्यांचंच तपासायला पाठवलंय. माझंही."

त्यांच्या लोकांचं पुढे काय निघालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. एवढंच दिसलं की पट्टीवाला नवा आला आणि बेसिनवर साबण आला. म्हणजे कुणाच्या तरी नाकात असणार. किंवा नसेलही. पण नाव माहीत झालं ते एकट्या काकूंचं. दवाखाना झाला तरी त्याला जिने असतात, आणि जिन्यात बायका असतात. संध्याकाळच्या आत सगळ्या वॉर्डाला ठाऊक झालं होतं की अमक्या म्हातारीच्या अंगात ते आहे.

काकूंना वर जायला बंदी झाली. सुलाबाईंना सिन्नरहून बोलावून घेतलं. त्या पहिल्या बसने आल्या आणि एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. "मी सांगत होते," असं जर त्या म्हणाल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं. त्या नुसत्या वर गेल्या आणि तृप्तीपाशी बसल्या. काकू खाली नानांपाशी. दोघींच्या मध्ये तो जिना.

नाना दोन-दोनदा म्हणत होते, "डावणी असली तर अशी नाय पसरत." मग मध्येच छातीवरून हात फिरवायचे, जिथे ते पोर निजलं होतं.

काकूंना नाकात लावायचं मलम दिलं, अंगाला लावायचा साबण दिला. त्या सांगितल्यापेक्षा जास्त धूत होत्या. हातांना भेगा पडल्या, भेगांतून रक्त आलं. सिस्टर ओरडली की असं करू नका, भेगांत तर जंतू अजून बसतात. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "धुतलं तरी बसतो, नाय धुतलं तरी बसतो. मी करू काय?" मी त्यांचे हात हातात घ्यायला गेले तर त्यांनी ते पदराखाली लपवले.

बाळाला नवीन औषध सुरू केलं होतं, सलाईनमधून. ते तरी लागू पडेल का, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नव्हतं. रोज सकाळी मी वर जाऊन काचेतून बघून यायचे आणि काकू जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभ्या असायच्या. मी उतरताना माझा चेहरा बघायच्या. चेहऱ्यावर काय ठेवावं हेही मला कळेनासं झालं होतं. बरं वाटतंय म्हणावं तर उद्या काय होईल कुणास ठाऊक, आणि वाईट म्हणावं तर ती बाई तिथेच कोसळेल.

एका सकाळी काचेआडून तो जुना आवाज आला, दणदणीत. मी जिन्याच्या अर्ध्यावर पोचायच्या आत काकूंनी तो ऐकला होता. त्या पायरीवर बसल्या आणि डोक्यावरचा पदर तोंडात कोंबून रडल्या.

पोर वाचलं. नानांचा रॉड काढून, जखम साफ करून, दुसरं औषध देऊन त्यांचीही जखम भरत आली. पाय थोडा आखूड झाला, तेवढं चालायचंच. काकूंची दुसरी तपासणी झाली तेव्हा नाकात काही सापडलं नाही. घरी जायच्या दिवशी डॉक्टरीणबाई पॅसेजमध्ये भेटल्या, आणि एरवी कुणाच्या वाटेत न येणाऱ्या काकूंनी त्यांना अडवलं.

"गेला का तो आता?"

"सध्या नाहीये, आजी."

"बाळाला माझ्याच हातानं लागला का?"

डॉक्टरीणबाईंना खोटं बोलता आलं असतं, इकडचं किंवा तिकडचं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून लागला असेल, आमच्याकडून लागला असेल. जंतू एकाच जातीचा आहे, पण कुठून कुठे गेला ते आम्हाला नाही सांगता येत."

बाहेर रिक्षात बसल्यावर काकू म्हणाल्या, "व्हय म्हनली असती तरी चाललं असतं. रडून मोकळी झाले असते."

बारसं सिन्नरला झालं. उशिराने, बाळाचं वजन भरल्यावर. सुलाबाईंनी स्वतः येऊन काकूंना आमंत्रण दिलं होतं, हळदीकुंकू लावून. त्यात काही कमी केलं नाही. मी, अमित, नाना, काकू, सगळे गेलो. काकूंनी दारातल्या नळावर हात धुतले. आत जाऊन पाणी प्यायच्या आधी पुन्हा धुतले. मग जिथे उजेड कमी होता तिथे भिंतीला टेकून बसल्या. पाळणा सजवलेला, घुगऱ्या वाटल्या, नाव ठेवलं, जयराम, तृप्तीच्या आजेसासऱ्यांचं. बाळ ह्या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं. शेजारच्या बायका, नणंदा, शाळेतून आलेल्या पोरी, सगळे त्याला घेत होते आणि कुणी त्यांचे हात बघत नव्हतं. काकूंची नजर बाळाबरोबर फिरत होती. मांडी मात्र त्यांनी मोडली नव्हती, तशीच पसरून ठेवली होती.

शेवटी तृप्तीच उठली. बाळ घेऊन सगळ्यांमधून वाट काढत आईसमोर आली. मला इतकं बरं वाटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"घे ना आई," ती म्हणाली.

काकूंनी हात पुढे केले आणि अर्ध्यावर थांबवले. भेगा भरल्या होत्या, पण कातडी अजून पांढरी होती. त्यांनी लेकीकडे वर बघितलं.

"हात धू का गं?"

त्यांनी दोनदा धुतले होते. तृप्तीने ते बघितलं होतं, मी बघितलं होतं. त्यांना काय ऐकायचं होतं ते आंधळ्यालाही कळलं असतं. तृप्तीने बाळाला छातीशी जरा आवळलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयसुद्धा नव्हता. मी दवाखान्याच्या जिन्यात जो चेहरा घेऊन उतरायचे, तोच होता.

"धू," ती म्हणाली. "म्हणजे तसं काही नाही, आई. पण धू."

काकू उठल्या. न्हाणीतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मला भयंकर राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तृप्तीवर? ते पोर तिने काचेतून बघितलं होतं. दवाखान्यावर? त्यांनी वाचवलंही होतं. जन्मभर मी कुणाशी ना कुणाशी भांडत आले, आणि ह्या वेळी समोर कुणी उभंच नव्हतं.

काकू परत आल्या त्या दोन्ही हात अंगापासून लांब धरून, कशाला लागू नयेत असे. सुलाबाईंनी टॉवेल पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. पदरालाही पुसले नाहीत.

"वाळू दे जरा," त्या म्हणाल्या.

त्या भिंतीशी उभ्या राहिल्या आणि तृप्ती बाळाला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. थोड्या वेळाने काकूंनी विचारलं, "वाळलं का?" तृप्तीने हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. किती वाळले म्हणजे पुरे, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.